दोन देशांची सरकारं शेजारी ठेवून कशी बघायची: ब्रिटन आणि जर्मनी घेऊन करून बघू

टेबल करू नका. म्हणजे शेवटी हवं तर करा, पण सुरुवात टेबलने करू नका, कारण मधोमध रेघ मारून डावीकडे ब्रिटन उजवीकडे जर्मनी आणि खाली राजेशाही-प्रजासत्ताक, एकात्म-संघराज्य, अलिखित-लिखित असं भरत गेलात की पान झटक्यात भरतं आणि डोक्यात काही शिरत नाही. टीवायबीएला पॉलिटिकल सायन्स घेतलेली पोरं हेच करतात, यूपीएससीवाले पण हेच करतात (मेन्सच्या जीएस दोनमध्ये भारतीय घटनेची इतर देशांशी तुलना हा मुद्दा सिलॅबसमध्ये सरळ छापलेलाच आहे, त्यामुळे सुटका नाही) आणि मग प्रश्न जरा तिरका आला, म्हणजे समजा १९४९ पासून २०२५ पर्यंत जर्मनीत चान्सलर (म्हणजे तिथले पंतप्रधान) झाले फक्त १० आणि तेवढ्याच काळात ब्रिटनमध्ये २०२४ च्या स्टार्मरपर्यंत पंतप्रधान झाले १८, हे असं का, की सगळे गप्प. टेबलात त्याचं उत्तर नसतंच.

माझी पद्धत एवढीच आहे की दोन्ही देशांना एकच प्रश्न विचारायचा, आणि तो विचारायचा तिथलं गाडं अडलं होतं त्या दिवसाबद्दल. सगळं सुरळीत चालू असताना सगळी सरकारं सारखीच दिसतात, पंतप्रधान भाषण करतात, विरोधक ओरडतात, बजेट पास होतं. सरकार पडताना, बनता बनत नसताना, कायदा कुणीतरी अडवून धरलेला असताना मात्र कुणाच्या हातात नक्की काय आहे ते उघडं पडतं.

आधी जोडी नीट निवडा. अमेरिका आणि चीन अशी जोडी घेतली की सगळंच वेगळं, मग कुठल्या फरकामुळे काय झालं हे सांगताच येत नाही, नुसती फरकांची यादी होते. दोन देश बऱ्याच बाबतीत सारखे हवेत आणि दोनतीन मोठ्या बाबतीत वेगळे. ब्रिटन-जर्मनी म्हणूनच घेतलेत. दोन्हीकडे संसदीय पद्धत, म्हणजे सरकार खालच्या सभागृहाच्या जिवावर चालतं, दोन्ही श्रीमंत देश, लोकसंख्या एकाची साधारण ७ कोटी दुसऱ्याची ८ कोटींच्या वर. पण एकाची घटना एका पुस्तकात सापडत नाही, ती १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून १६८९ चं बिल ऑफ राइट्स, १९११ चा पार्लमेंट अॅक्ट, रूढी, संकेत अशी सगळीकडे विखुरलेली, आणि दुसऱ्याची २३ मे १९४९ ला जाहीर झालेली, कलमं मोजता येतील अशी. एक राजाचा देश, दुसरा १६ राज्यांचं संघराज्य. आणि तिसरा देश तुमच्या डोक्यात आपोआप असतोच, भारत, त्याला हाकलू नका, उलट तो मापाला वापरा.

आता पहिला प्रश्न आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: सरकार पाडायचं कसं?

ब्रिटन. २८ मार्च १९७९. जेम्स कॅलहनचं लेबर सरकार अल्पमतात, विरोधी पक्षनेत्या थॅचरबाईंनी अविश्वास ठराव आणलेला, रात्री मतदान झालं आणि आकडा आला ३११ विरुद्ध ३१०. एका मताने सरकार गेलं. आल्फ्रेड ब्रॉटन म्हणून लेबरचे एक खासदार इतके आजारी होते की त्यांना अँब्युलन्सने संसदेत आणायचं की नाही यावर शेवटपर्यंत खल चालला, शेवटी नाही आणलं, आणि थोड्याच दिवसांत ते वारले. उत्तर आयर्लंडचे एक अपक्ष फ्रँक मॅग्वायर, ते खास लंडनला आले आणि मतच दिलं नाही, तटस्थ राहायला जातीने आलोय म्हणाले असं सांगतात. ३ मे ला निवडणूक झाली, थॅचर आल्या.

हे वाचताना १७ एप्रिल १९९९ आठवला असेल, वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७०. आठवायलाच पाहिजे, नियम तोच आहे, आपण तो तिथूनच उचललाय. पाडणाऱ्यांनी फक्त एवढं दाखवायचं की हे सरकार नको, पुढे कोण हा प्रश्न त्या मतदानात विचारलाच जात नाही. १९९९ ला पाडायला २७० जण एकत्र आले, पण सरकार बनवायला काही जमेना आणि देश परत निवडणुकीला गेला.

जर्मनीत हे चालत नाही. तिथल्या घटनेचं कलम ६७ म्हणतं की चान्सलरला काढायचं असेल तर त्याच ठरावात नव्या चान्सलरचं नाव द्या आणि त्या नावावर सभागृहाच्या एकूण संख्येचं बहुमत दाखवा, हजर असलेल्यांचं नाही, एकूण संख्येचं. नुसतं 'हा नको' म्हणून भागत नाही, 'हा नको, तो हवा' म्हणावं लागतं. केंद्रात हा प्रकार आजवर दोनदाच झालाय. २७ एप्रिल १९७२ ला चान्सलर विली ब्रांटच्या विरोधात राइनर बार्झेल उभे राहिले, हवी होती २४९ मतं, पडली २४७. मतदान गुप्त. सगळ्यांना वाटत होतं ब्रांट गेले, आणि ते वाचले, आणि पुढे कित्येक वर्षांनी बाहेर आलं की पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याने, श्टाझीने, मत विकत घेतलं होतं. दुसऱ्यांदा १ ऑक्टोबर १९८२, लिबरल पक्ष चान्सलर हेल्मुट श्मिटना सोडून पलीकडे गेला, हेल्मुट कोलना २५६ मतं मिळाली आणि ते त्याच दिवशी चान्सलर. मध्ये एक दिवसही खुर्ची रिकामी नाही.

इथे थांबून विचारायचं: असा नियम का केला? ही पायरी लोक सोडतात आणि मग उत्तर सपक होतं. जर्मनीचं उत्तर वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे नाझींच्या आधीच्या तिथल्या लोकशाहीत आहे. जुलै १९३२ च्या निवडणुकीनंतर ६०८ जणांच्या सभागृहात नाझी २३० आणि कम्युनिस्ट ८९, म्हणजे दोघं मिळून निम्म्याच्या वर, एकमेकांच्या जिवावर उठलेले, एकत्र सरकार बनवणं स्वप्नातही शक्य नाही पण दुसऱ्याचं सरकार पाडायला मात्र दोघांचे हात एकदम वर. त्याच सप्टेंबरात चान्सलर पापेनच्या सरकारवर अविश्वास आला तो ५१२ विरुद्ध ४२ असा. मग सरकारं चालायची राष्ट्राध्यक्षाच्या आणीबाणीच्या हुकमांवर, आणि पुढचं सगळ्यांना माहितीये. १९४८ ला बॉनमध्ये नवी घटना लिहायला बसलेल्या लोकांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ब्रिटनच्या माणसांना असा फटका कधी बसलाच नाही, म्हणून त्यांनी तो नियम कधी केलाच नाही. आता तुमच्या टेबलातल्या 'रचनात्मक अविश्वास ठराव: आहे / नाही' या ओळीत काहीतरी जीव आला.

पण अजून काम झालेलं नाही. नियम वाचला, प्रसंग वाचला, कारण वाचलं, आता बघायचं की नियमाला वळसा घालून लोक जातात कुठून. कारण जातातच. ब्रिटनमध्ये १९७९ नंतर एकही पंतप्रधान अविश्वास ठरावाने गेलेला नाही. निवडणूक हरून गेले नसतील तर बहुतेक गेले ते स्वतःच्या पक्षामुळे. थॅचर १९९० ला पक्षाने घालवल्या, बोरिस जॉन्सन २०२२ ला मंत्र्यांनी धडाधड राजीनामे देऊन घालवला, लिझ ट्रस ६ सप्टेंबर २०२२ ला आल्या, २३ सप्टेंबरला मिनी बजेट मांडलं, बाजार कोसळला, २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर आणि २५ ला ऋषी सुनक खुर्चीत. एका वर्षात तीन पंतप्रधान आणि सार्वत्रिक निवडणूक शून्य, आणि नियमाने यात काहीच चुकीचं नाही कारण तिथे लोक पंतप्रधान निवडत नाहीत, सभागृह निवडतात. म्हणजे ब्रिटिश सरकार पाडण्याचा खरा नियम संसदेच्या नियमावलीत शोधू नका, हुजूर (कंझर्व्हेटिव्ह) पक्षाच्या आणि लेबरच्या अंतर्गत नियमांत शोधा. (जर्मनीतही पक्ष घालवतोच, आडेनाउअरना १९६३ ला पक्षानेच घरी पाठवलं, पण ते क्वचित.)

जर्मनीतली पळवाट आणखी मजेशीर आहे. तिथे चान्सलरला स्वतःहून सभागृह बरखास्त करता येत नाही. मग निवडणूक लवकर हवी असेल तर तो कलम ६८ खाली विश्वासदर्शक ठराव मांडतो आणि मुद्दाम हरतो. ब्रांट १९७२, कोल डिसेंबर १९८२, श्रोडर २००५, आणि ओलाफ शोल्त्स १६ डिसेंबर २०२४: बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. हरल्यावर राष्ट्राध्यक्षांनी सभागृह बरखास्त केलं आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक झाली. आपल्याकडे बहुमत चाचणी म्हटलं की आमदार हॉटेलात, बसेस, राज्यपाल, सुप्रीम कोर्टात रात्रीची सुनावणी, आणि तिथे चान्सलर शांतपणे उभा राहून म्हणतो की मला हरवा.

आमदार हॉटेलात हा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. आपल्याला सवय झालीये की व्हिप मोडला की अपात्रतेची नोटीस, दहावं परिशिष्ट, अध्यक्षांकडे याचिका. महाराष्ट्रात २०२२ नंतर तर चहाच्या टपरीवर पण गटनेता आणि प्रतोद यांच्या अधिकारांवर चर्चा व्हायची. ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडे पक्षांतरबंदी कायदाच नाही. सप्टेंबर २०१९ ला जॉन्सनने ब्रेक्झिटच्या मतदानात विरोधात गेलेल्या आपल्याच २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढलं, पण ते खासदार राहिलेच, सीट गेली नाही. जर्मनीत तर घटनेतच लिहिलंय की खासदार फक्त स्वतःच्या सदसद्विवेकाला बांधील. आपल्या डोक्यातली गृहीतकं अशी तपासत राहा, कारण आपल्याकडे आहे म्हणजे सगळीकडे असणार असं धरून चालल्यानेच सगळ्यात जास्त घोळ होतात.

दुसरा प्रश्न, सरकार बनतं कसं. हा जरा पटकन उरकू. ब्रिटनमध्ये पंतप्रधान होण्यासाठी संसदेत मतदान होत नाही. ४ जुलै २०२४ ला मतदान, ५ जुलैला सुनक राजाकडे राजीनामा देऊन आले, स्टार्मर राजाकडे जाऊन आले, संपलं, सामानाचे ट्रक दारात. २०१० ला कुणालाच बहुमत नव्हतं तर केवढी चर्चा झाली, आणि तेव्हा लागले ५ दिवस. जर्मनीत २४ सप्टेंबर २०१७ ला मतदान झालं आणि मर्केलबाईंनी शपथ घेतली १४ मार्च २०१८ ला. १७१ दिवस. आधीची बोलणी फिसकटली, राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी पक्षांना बोलावून समजावलं, मग समाजवादी पक्षाने करारावर स्वतःच्या सभासदांचं मतदान घेतलं, पोस्टाने. एवढा उशीर का, कारण तिथे दोनतीन पक्षांनी पुढच्या चार वर्षांचा करार कलमवार लिहून काढायचा असतो, खातेवाटप त्यातला एक भाग फक्त.

आणि करार झाला तरी गुप्त मतदान उरतंच. ६ मे २०२५ ला फ्रीडरिख मेर्त्स यांच्या आघाडीकडे ३२८ खासदार होते, हवे होते ३१६, आणि पडली ३१०. अठरा जण कुठे गेले कुणालाच कळलं नाही, आजही अधिकृतपणे माहीत नाही. भावी चान्सलर पहिल्याच फेरीत पडला असं त्या प्रजासत्ताकात आधी कधी झालं नव्हतं. दुपारी दुसरी फेरी घेतली, ३२५ मिळाली, झाले चान्सलर. ब्रिटनमध्ये हा प्रसंग घडूच शकत नाही, कारण असं मतदानच नाही. एका देशात जे घडलं ते दुसऱ्या देशात घडू शकलं असतं का, हा प्रश्न प्रत्येक घटनेला लावून बघा, टेबलापेक्षा दहापट कामाला येतो.

तिसरा प्रश्न मताची सीट कशी होते. इथे आकडे शेजारी ठेवायचे, पण दोन्हीकडचे त्याच प्रकारचे. ब्रिटन २०२४: लेबरला मतं ३३.७ टक्के, सीट ६५० पैकी ४११, म्हणजे ६३ टक्के सीट. रिफॉर्म यूकेला मतं १४.३ टक्के आणि सीट ५. लिबरल डेमोक्रॅट्सना मतं त्याहून कमी, १२.२ टक्के, पण सीट ७२, कारण त्यांची मतं ठराविक मतदारसंघांत गोळा झालेली. पद्धत आपलीच, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून. जर्मनी २०२५: मेर्त्स यांच्या सीडीयू आणि जोडीदार सीएसयूला मिळून मतं २८.५ टक्के, सीट ६३० पैकी २०८, म्हणजे ३३ टक्के. एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के आणि १५२ सीट. बऱ्यापैकी मापात. प्रत्येक मतदाराला दोन मतं, एक उमेदवाराला एक पक्षाला, आणि सभागृहातलं बळ पक्षाच्या मतावर ठरतं.

आता 'म्हणून जर्मन पद्धत न्यायी' असं लिहून मोकळे होऊ नका, थांबा. तिथे ५ टक्क्यांची अट आहे. २०२५ ला बीएसडब्ल्यू पक्षाला ४.९८ टक्के मिळाले आणि सीट शून्य. लिबरल पक्ष ४.३ वर बाहेर. अशी साधारण १४ टक्के मतं सभागृहात पोचलीच नाहीत. शिवाय २०२३ च्या नव्या निवडणूक कायद्यामुळे आपल्या मतदारसंघात पहिले आलेले २३ उमेदवार घरी बसले, कारण त्यांच्या पक्षाच्या मतांच्या वाट्यात त्यांना जागाच उरली नाही. कल्पना करा, बारामतीत किंवा कोथरूडमध्ये पहिला आलेल्याला सांगायचं की अभिनंदन, पण तुम्ही आमदार नाही. इथे दंगा होईल. तुलना करणाऱ्याने निकाल देण्याआधी दोन्हीकडची किंमत लिहायची, ब्रिटनने प्रमाण गमावलंय, जर्मनीने थोडा मतदारसंघ गमावलाय, आणि मग तुमचं मत काय ते बिनधास्त लिहा. माझं विचाराल तर ३३.७ टक्क्यांवर ६३ टक्के सीट हे मला जास्त खटकतं.

चौथा प्रश्न हा मला सगळ्यात आवडतो: बहुमत असलेल्या सरकारला 'नाही' कोण म्हणू शकतं?

ब्रिटनमध्ये उत्तर जवळजवळ 'कुणी नाही' असं आहे. लॉर्ड्स हे वरचं सभागृह अर्थविधेयक महिनाभर आणि बाकीची साधारण वर्षभर लांबवू शकतं, संपवू शकत नाही, १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनी त्यांचे दात काढलेत. सुप्रीम कोर्ट तिथे २००९ ला सुरू झालं. २४ सप्टेंबर २०१९ ला त्याच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की जॉन्सनने पाच आठवड्यांसाठी संसद बंद केली ते बेकायदा, म्हणजे कोर्ट सरकारला अडवतं, पण संसदेने केलेला कायदा मात्र रद्द करू शकत नाही. संसद सार्वभौम म्हणजे काय हे नुसती व्याख्या पाठ करून कळत नाही, २०१९ च्याच त्या गमतीतून कळतं. २०११ ला त्यांनी कायदा केला होता की मुदतपूर्व निवडणुकीला दोन तृतीयांश खासदार हवेत, ६५० पैकी ४३४. जॉन्सनने तसा प्रस्ताव तीनदा मांडला, तिन्ही वेळा आकडा गाठला नाही. मग त्याने काय केलं, एक छोटा नवा कायदा आणला की निवडणूक १२ डिसेंबरला घ्या, आणि कायदा साध्या बहुमताने पास होतो, झाला. कुलूप तसंच राहिलं आणि शेजारच्या दारातून सगळे आत. २०२२ ला तो २०११ चा कायदाच मोडीत काढला.

आता जर्मनी. पहिला अडवणारा बुंडेसराट, राज्यांचं सभागृह. याला 'त्यांची राज्यसभा' म्हणू नका, फसाल. राज्यसभेत आपले आमदार सदस्य निवडून देतात आणि तो सदस्य सहा वर्षं स्वतःच्या पक्षाचं ऐकतो. बुंडेसराटमध्ये राज्य सरकारंच बसतात, मुख्यमंत्री आणि मंत्री स्वतः. समजा दिल्लीत महाराष्ट्राच्या वतीने मुख्यमंत्री आणि दोनतीन मंत्री जाऊन बसलेत आणि जीएसटीच्या कायद्यावर ते हो-नाही म्हणणार, तसं. एकूण ६९ मतं, प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे ३ ते ६, आणि एका राज्याची सगळी मतं एकाच बाजूला पडली पाहिजेत, ही अट घटनेतच आहे.

आणि त्या अटीवरून २२ मार्च २००२ ला जे झालं ते वाचाच. श्रोडर सरकारचा स्थलांतरितांचा कायदा, काट्याची टक्कर, सगळं ब्रांडेनबुर्गच्या ४ मतांवर आलेलं. ब्रांडेनबुर्गमध्ये समाजवादी आणि सीडीयू यांचं एकत्र सरकार. नाव पुकारलं. एक मंत्री म्हणाला हो. गृहमंत्री शोनबोम, सीडीयूचे, म्हणाले नाही. सभागृहाचे अध्यक्ष वोवेराइट, ते स्वतः बर्लिनचे महापौर आणि समाजवादी, त्यांनी मुख्यमंत्री श्टोल्पे यांना विचारलं की राज्याचं मत काय. श्टोल्पे म्हणाले, मुख्यमंत्री म्हणून सांगतो, हो. शोनबोम म्हणाले, माझं मत तुम्हाला माहितीये. अध्यक्षांनी जाहीर केलं, ब्रांडेनबुर्ग: हो. सभागृहात आरडाओरडा, सीडीयूवाले बाक वाजवतायत. राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ यांनी कुरकुर करत सही केली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि डिसेंबर २००२ ला घटना न्यायालयाने सांगितलं की राज्याचं मत एकसारखं नव्हतं म्हणजे ते मतच नाही, कायदा रद्द. संघराज्य म्हणजे काय यावर दहा पानं वाचण्यापेक्षा हा एक प्रसंग पुरतो.

दुसरा अडवणारा म्हणजे तेच कोर्ट, कार्ल्सरूहचं. ते राजधानीत नाही हे लक्षात घ्या, बर्लिनपासून पार दूर नैऋत्येला. दोन खंडपीठं, प्रत्येकी ८ न्यायाधीश, १२ वर्षांची एकच टर्म, निम्मे बुंडेसटाग (खालचं सभागृह) निवडतं निम्मे बुंडेसराट, तेही दोन तृतीयांशने, त्यामुळे एकट्या पक्षाची माणसं बसवता येत नाहीत. १५ नोव्हेंबर २०२३ ला या कोर्टाने शोल्त्स सरकारने कोविडच्या कर्जाच्या खात्यातून हवामानाच्या फंडात वळवलेले ६० अब्ज युरो रद्द केले. बजेटला भगदाड पडलं, आघाडीतल्या तीन पक्षांत पैशावरून भांडणं सुरू झाली, ६ नोव्हेंबर २०२४ ला शोल्त्सने अर्थमंत्री लिंडनरना काढलं, आघाडी संपली, आणि मग तो मुद्दाम हरलेला विश्वासदर्शक ठराव. वर १६ डिसेंबर लिहिलं होतं त्याचं मूळ हे. असे धागे सापडले की समजा तुमची तुलना जमायला लागली, चार प्रश्न चार कप्प्यांत राहत नाहीत, कोर्ट, बजेट, आघाडी, निवडणूक सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसतं.

घटना बदलायची असेल तर तिथे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. मार्च २०२५ ला कर्जावरची घटनात्मक मर्यादा सैल करायची होती, नव्या निवडून आलेल्या सभागृहात तेवढी मतं जमण्यासारखी नव्हती, म्हणून मेर्त्सनी काय केलं तर मुदत संपायच्या आत जुनंच सभागृह परत बोलावून १८ मार्चला ५१२ मतांनी पास करून घेतलं (लागत होती ४८९), तीन दिवसांनी बुंडेसराटमध्ये ६९ पैकी ५३. कायद्यात बसतं, कोर्टानेही अडवलं नाही, पण मतदाराच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटतं हे खरं. आणि काही गोष्टी तर एकमताने पण बदलता येत नाहीत, कलम ७९ च्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे केशवानंद भारती खटल्यात १९७३ ला मूलभूत चौकटीचा सिद्धांत कोर्टाने काढला, त्यांनी तो १९४९ लाच लिहून ठेवला होता. ब्रिटनमध्ये याच्या बरोबर उलटं, १९८६ ला थॅचर सरकारने संसदेत साधा कायदा करून लंडनची आख्खी निवडून आलेली ग्रेटर लंडन कौन्सिल बंद केली. उद्या इथे कुणी मुंबई महापालिकाच रद्द केली तर, असा विचार करून बघा.

वाचायचं कुठे? आधी मूळ मजकूर. जर्मन घटनेचं अधिकृत इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं, कलम २० ते ८२ एवढं वाचलंत तरी बरंच झालं. ब्रिटनसाठी २०११ चं कॅबिनेट मॅन्युअल बघा, सरकारने स्वतःच्या चालीरीती त्यात लिहून काढल्यात, आणि हाउस ऑफ कॉमन्सच्या लायब्ररीची टिपणं, ती अतिशय सोपी असतात. कॉन्स्टिट्यूट प्रोजेक्ट नावाच्या साइटवर दोन देशांच्या घटना विषयवार शेजारी उघडता येतात. क्लासच्या नोट्स सगळ्यात शेवटी, कारण त्यात जर्मनीचं सभागृह अजून जुन्या संख्येवर अडकलेलं असतं, २०२१ ला ते ७३६ होतं, आता ६३० आहे.

लिहिताना प्रत्येक प्रश्नाला दोन्ही देश एकाच परिच्छेदात घ्या. आधी ब्रिटनची पाच पानं मग जर्मनीची पाच पानं असं केलंत तर तुलना वाचणाऱ्याला करावी लागते, तुम्ही फक्त दोन निबंध दिलेत. दोनशे-अडीचशे शब्दांचं उत्तर असेल तर चारही प्रश्न कोंबू नका, एकच घ्या, नियम एका वाक्यात, प्रसंग दोन वाक्यांत, कारण एका वाक्यात, पळवाट एका वाक्यात. आणि आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण वाचून ठेवा, मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धत शेजारी ठेवून स्थिरता आणि जबाबदारी या दोनच मापांवर तोलली होती आणि आपण जबाबदारीला जास्त वजन दिलं असं सांगितलं होतं. मापं दोनच, पण आधी ठरवलेली, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

हाताला वळण लागावं म्हणून पुढची जोडी नेपाळ आणि भारत घ्या, जवळची आहे आणि बातम्या वाचलेल्या असतात. सुरुवातीचा धागा देतो: नेपाळच्या २०१५ च्या घटनेच्या कलम १०० प्रमाणे पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही, आणि आणलात तर पुढच्या पंतप्रधानाचं नाव त्यातच द्यावं लागतं, म्हणजे जर्मन कल्पना काठमांडूत पोचलेली. तरीही डिसेंबर २०२० ला पंतप्रधान ओलींनी सभागृह बरखास्त केलं, फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ते परत जिवंत केलं, मे मध्ये परत बरखास्त, जुलैमध्ये कोर्टाने परत जिवंत केलं आणि वर विरोधी नेते देउबांना पंतप्रधान करा असा आदेशही दिला. नियम जर्मनीसारखा असून गाडं तिथे कुठे अडलं ते शोधा, पाडण्याच्या कलमात नाही सापडणार, बरखास्तीच्या कलमात बघा, ७६ वं.